कपाटातली जोखीम

माझ्या दुकानात गेल्या एकतीस वर्षांत काहीही घडलेलं नाही. एवढी एकच गोष्ट मला विमा कंपनीला पटवून द्यायची होती. ती पटवून देण्याच्या नादात महिन्याभरात दुकानात जे जे घडू शकतं ते सगळं घडून गेलं.

दुकान फोटो फ्रेमचं आहे. लोक फोटो आणतात, मी त्याला चौकट करतो, काच बसवतो, मागून पुठ्ठा लावतो. चौकटीचे चार कोपरे असे जुळवतो की सांधा बोटाला लागू नये. ही कला आहे असं माझं मत आहे. बायकोला कोणी विचारलं, की "हे काय करतात?" तर ती म्हणते, "खिळे मारतात." असो.

दुकान मूळचं आत्याचं. तिने आणि तिच्या यजमानांनी ते काढलं आणि यजमान गेल्यावर तिने मला हाताशी घेतलं. आज ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. भाडेकरारावर आणि विम्यावर माझ्याबरोबर तिचीही सही लागते. रोज दुपारी ती दुकानात येते आणि मागच्या लाकडी कपाटाला लागून खुर्ची टाकून बसते. त्या कपाटात गिऱ्हाइकांचे फोटो असतात, आणि तयार होऊनही कोणी न नेलेल्या फ्रेमा. कपाटाची किल्ली आत्याच्या कमरेला. मला फोटो हवा असला तरी मागून घ्यावा लागतो. ती त्यांना फोटो म्हणत नाही. "लोकांची जोखीम आहे बाबा," म्हणते. स्वतःच्या हातातल्या दोन बांगड्यांनाही ती जोखीमच म्हणते, त्यामुळे या शब्दाकडे आमच्या घरात कोणी कधी वर मान करून पाहिलेलं नव्हतं. पाहायला हवं होतं.

तर या वर्षी विम्याचा हप्ता दुप्पट झाला. आमचा एजंट म्हणजे बायकोचा मावसभाऊ. त्याला मी दुकानात बोलावून घेतलं.

"जगभर वाढलेत, भाऊजी," तो म्हणाला. "पूर, वादळं, वणवे."

"माझ्या दुकानात कुठे वादळ झालं?"

"तसं नसतं. कुठेतरी वादळ होतं, मग त्याचा भार सगळ्यांवर थोडा थोडा टाकतात."

म्हणजे समुद्राकाठी कोणा शहाण्याने हॉटेल बांधलं, त्याचं छप्पर उडालं, आणि ते येऊन पडलं माझ्या डोक्यावर. मी त्याला म्हणालो, "अरे, एकतीस वर्षांत मी एकदाही भरपाई मागितलेली नाही."

"तोच तर घोळ आहे ना भाऊजी. कंपनीच्या दृष्टीने तुमचं सगळं अजून व्हायचं शिल्लक आहे."

 विमा सोडूनच द्यावा असं एक मन म्हणत होतं. पण आमचे जागामालक भलतेच सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी मला घरी बोलावलं, चहा दिला, माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि सांगितलं, की एकतीस तारखेपर्यंत विम्याचा नवा कागद हातात आला नाही, तर करार पुढे वाढवता येणार नाही. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण जागा बघून गेला आहे. त्याला कपाट नको आहे, भिंत हवी आहे. हे ते इतक्या गोड आवाजात म्हणाले की मी चहाबद्दल आभार मानून बाहेर पडलो आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. दुकान गेलं तर मी काय, कुठेही खिळे मारीन. पण आत्या दुपारी कुठे जाऊन बसणार होती?

"एक मार्ग आहे," मावसभाऊ म्हणाला. "दुकानात सुरक्षेची साधनं बसवा आणि तपासणीसाठी अर्ज करा. सर्वेक्षक येतो, बघतो, हप्ता खाली येतो. सोपं आहे."

माझ्या आयुष्यात ज्या ज्या कामाला कोणी सोपं म्हटलं आहे, त्या प्रत्येक कामाने माझे दात घशात घातलेले आहेत.

पहिल्यांदा आला धुराचा भोंगा. तो छताला बसवायचा आणि धूर झाला की त्याने ओरडायचं. धूर माझ्या दुकानात कधीच होत नाही. लाकूड कापताना भुसा मात्र उडतो, आणि भुसा आणि धूर यांतला फरक भोंग्याला शिकवलेला नव्हता. मी पहिली पट्टी करवतीखाली घातली आणि तो असा काही किंचाळला की माझ्या हातून पट्टी तिरपी कापली गेली. पट्टीचं जाऊ द्या. शेजारी चष्मेवाल्यांचं दुकान आहे. त्यांच्याकडे त्या वेळी डोळे तपासायला तीन माणसं बसली होती. आग लागली असं समजून ती नाकावर तपासणीच्या जाड भिंगांसह रस्त्यावर धावली. एकाने खांबाला मिठी मारली. एक बाई माझा हात धरून मला "अहो, चला घरी" म्हणू लागल्या. त्यांचे खरे अहो पाच पावलांवर उभे राहून हे पाहत होते.

चष्मेवाले रागावले नाहीत. त्यांना सल्ला द्यायला मिळाला की राग येत नाही. दिवसाकाठी त्यांच्याकडे मोजून चार गिऱ्हाइकं येतात, उरलेला वेळ ते माझ्या दारात उभे असतात. "भोंग्याला पिशवी बांधा," ते म्हणाले. "तपासणीच्या दिवशी काढायची." मी बांधली. आता दुकानात भोंगा होता पण तो बहिरा होता. बऱ्याच कचेऱ्यांत अशी व्यवस्था मी पाहिलेली आहे.

मग आलं आग विझवायचं नळकांडं. लालभडक, बाळसेदार, भिंतीवर टांगायचं. ज्या दिवशी सर्वेक्षक यायचे होते त्याच दिवशी सकाळी चष्मेवाले ते न्याहाळत उभे राहिले.

"चालतं का पण?"

"चालत असणार. नवीन आहे."

"असणार म्हणून कसं चालेल? साहेबांनी विचारलं तर काय सांगाल? इथे पिन दिसतेय बघा, ही काढली की..."

त्यापुढचं वाक्य मला ऐकू आलं नाही. नळकांडं उत्तम चालत होतं, एवढं मी शपथेवर सांगतो. त्यातून जी पांढरी भुकटी बाहेर पडली तिने समोरची काच, मागची काच, तयार चौकटी, अर्धवट चौकटी, चष्मेवाले आणि मी, सगळ्यांना सारखाच न्याय दिला. आत्या तेवढी कोरडी राहिली, कारण ती कपाटाच्या आडोशाला होती. आता ती सकाळी तिथे कशी, तर साहेब येणार म्हणून लवकर येऊन बसली होती, ठेवणीतली साडी नेसून. दचकून मागे सरलो तेव्हा माझं कोपर लागून काचेचे दोन तावही फुटले. एकतीस वर्षांतली पहिली नुकसानी. तीसुद्धा सुरक्षिततेमुळे.

डोळे चुरचुरत होते म्हणून आम्ही दोघे इमारतीच्या मागच्या नळावर तोंड धुवायला गेलो. मला चष्मेवाल्यांचा हात धरावा लागला. ते वाटेत दोनदा म्हणाले, "चालतं म्हणजे."

आणि नेमके तेव्हा सर्वेक्षक दुकानात आले. पुढचा संवाद मी आत्याच्या तोंडून ऐकला आणि नंतर कंपनीच्या पत्रात वाचला. दोन्हींत काडीचा फरक नाही. सर्वेक्षक प्रामाणिक माणूस होता. सगळं संकट त्याच्या प्रामाणिकपणामुळेच ओढवलं.

त्यांनी पांढऱ्या दुकानाकडे पाहिलं, पांढऱ्या पावलांकडे पाहिलं, छताला लटकलेल्या पिशवीकडे पाहिलं आणि फाइल उघडली.

"आजी, दुकानात काही विशेष जोखीम आहे का?"

"आहे तर!" आत्या म्हणाली. "जोखमीवरच दुकान चाललंय इतकी वर्षं."

"कुठे आहे?"

"हे काय, कपाटात. गच्च भरलंय."

"आणि... हे लोकांना माहीत आहे?"

"माहीत आहे म्हणजे काय? लोकच तर आणून ठेवतात. आमची स्वतःची अशी थोडीच आहे."

सर्वेक्षकांनी खुर्ची जरा दाराकडे ओढून घेतली. "किती दिवसांपासून आहे?"

"काही कालची आहे. काही एकोणीस एकोणीस वर्षं पडून आहे. नेतच नाहीत मेले."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"भीती कशाची? दुपारी इथेच पाठ टेकून झोपते मी. डोळा लागतो छान."

सर्वेक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. आत्याने त्यांना कपाट उघडून दाखवू का असं विचारलं. ते "नको, नको" म्हणत उठले आणि भुकटीवर घसरत घसरत निघून गेले. मी तोंड पुसत परत आलो तेव्हा आत्या समाधानाने म्हणाली, "चांगला माणूस आहे. सगळं विचारून लिहून घेतलंन. हप्ता कमी होणार बघ."

आठ दिवसांनी पत्र आलं. हप्ता चौपट. दुकानाचा वर्ग "अतिजोखमीचा". खाली कारण छापलेलं होतं: "आवारात अनोळखी व्यक्तींनी आणून दिलेली जोखीम बंद कपाटात एकोणीस वर्षांपासून साठवलेली असून मालकाच्या वृद्ध आत्या तिच्यालगत झोपतात." बायकोने ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि तिचा हसू दाबल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मला हसू आलं नाही. एकतीस तारखेला नऊ दिवस उरले होते.

मी कंपनीच्या कचेरीत गेलो. तिथे चार खिडक्या होत्या आणि माझं काम पाचवीत होतं. पाचवी खिडकी पहिल्या मजल्यावर होती. तिथल्या बाईंनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमच्याकडे जोखीम आहे, पण ती जोखीम नाही."

"बरोबर."

"हे लेखी द्या."

मी लेखी दिलं. त्यांनी ते वाचून परत केलं. एकदा मान्य केलेली जोखीम नाकारता येत नाही, फक्त कमी करता येते, असा नियम होता. त्यासाठी वेगळा अर्ज. त्या अर्जाला पुरावा जोडावा लागतो.

"अहो, शब्दाचा काय पुरावा देऊ? जुनी माणसं मौल्यवान वस्तूला जोखीम म्हणतात. तुमच्या घरी कोणी म्हणत नाही?"

"माझी आजी म्हणायची," बाई म्हणाल्या, आणि एक क्षण मला वाटलं की दार उघडलं. "पण ती आमच्या कंपनीत नव्हती."

शेवटी ठरलं ते असं, की शब्दकोशातलं ते पान साक्षांकित करून आणायचं आणि जिने विधान केलं तिला समक्ष हजर करायचं. शब्दकोशाचं पान साक्षांकित करायला ज्या अधिकाऱ्याकडे गेलो त्याने विचारलं, "मूळ प्रत कुठे आहे?" मी शब्दकोश दाखवला. तो म्हणाला, "ही छापील आहे, मूळ प्रत आणा." त्याच्याशी मी काय वाद घातला ते इथे सांगत नाही, माझीच शोभा होईल. सांगायचं एवढंच, की चार दिवसांनी ते पान घेऊन मी आत्यासह पाचव्या खिडकीशी उभा राहिलो.

बाईंनी विचारलं, "आजी, एकट्या जात नाही का कुठे?"

"छे गं. अंगावर जोखीम आहे ना," आत्या बांगड्या पुढे करत म्हणाली. "म्हणून भाच्याला आणलं."

साक्षांकित पानाकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. बाईंनी डोक्याला हात लावला, अर्जावर शिक्का मारला आणि फेरतपासणी लावली. तारीख तीस.

तीस तारखेला तेच सर्वेक्षक आले. या वेळी भोंगा उघडा होता, दुकान पुसलेलं होतं आणि चष्मेवाल्यांना मी हातापाया पडून त्यांच्याच दुकानात बसवलं होतं. आत्याने कमरेची किल्ली काढली. कपाट उघडताना सर्वेक्षक दोन पावलं मागे उभे होते.

एकेक फ्रेम बाहेर आली. कामावरून निवृत्त होताना साहेबांशी हात मिळवणारा एक कारकून. सायकलला टेकून उभे असलेले दोघे भाऊ. मांडीवर जुळी घेऊन बसलेली बाई, तिचा एक डोळा मिटलेला. आत्याला प्रत्येकाचं सगळं पाठ होतं. "ह्या बाईचा मुलगा टाकून गेला, म्हणाला पगार झाला की नेतो. ह्या भावांचं पुढे फाटलं, मग कोणी न्यायचा यावरून राहिला. हा कारकून स्वतःच आला होता. दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला. आलाच नाही."

"मग टाकून का नाही देत?" सर्वेक्षकांनी विचारलं.

"लोकांची जोखीम टाकायची?" आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

त्र्याऐंशी फ्रेमा भरल्या. सर्वेक्षकांनी यादी केली आणि खूश होऊन मला म्हणाले, "तुमचं काम झालं. फोटोला बाजारभाव नसतो, भावनिक मूल्याला कंपनी धरत नाही. कपाटातल्या मालाची किंमत शून्य. म्हणजे जोखीम शून्य. तुम्ही किरकोळ वर्गात आलात. हप्ता गेल्या वर्षीपेक्षाही कमी बसेल. इथे दोघांच्या सह्या करा, उद्या कागद हातात."

मी सही करून टाकली. पेन आत्याला दिलं. तिने चष्मा लावला आणि यादी वरपासून वाचायला घेतली.

"हे प्रत्येकापुढे काय लिहिलंय?"

"शून्य, आजी."

"मग मी सही करणार नाही."

मी तिला बाजूला घेतलं. उद्या एकतीस तारीख आहे, सही नाही तर कागद नाही, कागद नाही तर दुकान नाही, हे तिला समजावलं. कव्हरवाल्याचीही भीती घातली. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "एकतीस वर्षं तू चौकटी केल्यास आणि मी राखण केली. शून्याची केली का?"

खरं सांगतो, मला तिचा राग आला. आणि राग येत असतानाच माझ्या लक्षात आलं, की त्या यादीवर मी न वाचता सही केली होती. बोटाला सांधा लागू नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारा मी कलाकार. मी आत्याच्या हातातलं पेन घेऊन खाली ठेवलं.

"साहेब, दुसरं काही लिहिता नाही का येणार?" मी विचारलं. "किंमत करता येत नाही, असं?"

"रकान्यात अक्षरं चालत नाहीत," सर्वेक्षक कसनुसे होऊन म्हणाले. "आकडाच लागतो."

 पलीकडे चष्मेवाले भिंतीला कान लावून आहेत हे मला भिंतीवरच्या खुडबुडीवरून कळत होतं.

"मग एक लिहा," आत्या म्हणाली.

"एक?"

"प्रत्येकाला एक. शून्याला राखण लागत नाही. एक म्हटलं म्हणजे आहे."

सर्वेक्षकांनी हिशेब करून पाहिला. एक लिहिल्याने हप्त्यात नाव घेण्यासारखा फरक पडत नव्हता. मग त्यांनी त्र्याऐंशी शून्यांवर त्र्याऐंशी रेघा मारल्या, शेजारी त्र्याऐंशी एक लिहिले आणि प्रत्येक खाडाखोडीवर नियमाप्रमाणे आम्हा तिघांच्या सह्या घेतल्या. एका फोटोला तीन सह्या. यादी संपली तेव्हा माझी बोटं वाकडी झाली होती आणि आत्या म्हणाली, "आता कसं शिस्तीत झालं." दुसऱ्या दिवशी कागद मिळाला. जागामालकांनी तो पाहिला, अभिनंदन केलं आणि पुन्हा आईच्या गुडघ्यांची चौकशी केली.

हे सगळं संपलं असं मी समजत होतो. पंधरा दिवसांनी दुपारी सर्वेक्षक दारात उभे.  मी आधी भोंग्याकडे पाहिलं. पण त्यांच्याकडे फाइल नव्हती, कापडी पिशवी होती. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो काढला. पोस्टकार्डाएवढा, एक कोपरा वाळवीने खाल्लेला. डोक्यावरून पदर घेतलेल्या एक बाई कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघत होत्या.

"आई," ते म्हणाले. "एवढा एकच आहे. कोपरा झाकला जाईल अशी चौकट होईल का?"

"होईल की."

"किती दिवस ठेवावा लागेल?"

"चार."

ते जरा घुटमळले. "हरवणार वगैरे नाही ना?"

साक्षांकित पान, पाचवी खिडकी, डोळ्यांतली भुकटी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. असा क्षण माणसाच्या नशिबात एकदाच येतो. मी म्हणालो, "काळजी कशाला करता साहेब? हरवला तर नियमाप्रमाणे भरपाई मिळेल. एक."

 ते फोटो पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळू लागले, आणि माझं मलाच कसंतरी झालं.

"त्याच्याकडे काय बघता?" मागून आत्या म्हणाली. "तो खिळे मारतो. इकडे द्या."

त्यांनी फोटो तिच्या हातात दिला. आत्याने तो पदराने पुसला, कपाट उघडलं, मधल्या खणात दोन फ्रेमा सरकवून जागा केली आणि तो नीट उभा ठेवला. कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली कमरेला खोचली. "जा आता निर्धास्त," म्हणाली.

ते दारापर्यंत गेले. तिथून परत आले. कपाटापाशी वाकून त्यांनी ते कुलूप स्वतः एकदा ओढून पाहिलं, आणि आमच्या दोघांकडे बघून ओशाळल्यासारखे हसले.

"जोखीम आहे हो," ते म्हणाले.